दोन तपकिरी घोडे

इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत घोडा आला की त्याच्यासोबत बहुतेक वेळा 'बे' किंवा 'चेस्टनट' असा एखादा शब्द येतो. मराठीत आणताना आपण दोघांनाही 'तपकिरी' म्हणून मोकळे होतो. भाषांतरकार फारच काटेकोर असला तर एकाला 'गडद' आणि दुसऱ्याला 'फिकट' जोडतो. आपल्या मंडळाच्या अनुवाद-वर्गात यावरून एकदा चांगलाच वाद झाला होता. "अगं, तपकिरी तो तपकिरी, वाचकाला काय फरक पडतो?" असं एकाचं म्हणणं.

वाचकाला कदाचित पडत नसेल. घोड्याला पडतो. हे दोन तपकिरी एकाच रंगाच्या दोन छटा नाहीत. ते दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांची आनुवंशिक घडण वेगळी आहे, आणि त्यांच्या पोटी कोणत्या रंगाचं शिंगरू येऊ शकतं याचे नियमही वेगळे आहेत. गडद-फिकटने तर मुळीच भागत नाही, कारण काही चेस्टनट घोडे काळजासारखे गडद असतात आणि काही बे घोडे त्यांच्यापेक्षा कितीतरी उजळ.

मी मूळची पाळीची. डिचोली तालुक्यातल्या आमच्या भागात खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांची रांग गेली की गाय, कुत्रा, सायकल, वाळत घातलेली चादर, सगळं एकाच तांबड्या रंगाचं व्हायचं. जिवंत घोडा मात्र आमच्याकडे सहसा दिसत नाही. त्यामुळे 'तुला गो घोड्यांचं काय पडलंय?' हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारून झाला आहे. मला शब्दांचं पडलं आहे. कारण मराठीत या दोन घोड्यांना दोन वेगळे शब्द होते, आणि आपण ते टाकून दिले.

बे म्हणजे कुमैत. जुन्या मराठीत 'कुमाईत' असंही रूप सापडतं. हा शब्द मुळात अरबी. चेस्टनट म्हणजे सुरंग. आता हे ओळखायचे कसे? सगळ्यात आधी, घोड्याच्या अंगाकडे बघायचंच नाही. आयाळ, शेपूट, गुडघ्यांखालचे पाय आणि कानांच्या कडा बघायच्या. अंग तांबूस-तपकिरी आणि या चार जागा काळ्या असतील तर तो कुमैत. आयाळ-शेपूट अंगाच्याच रंगाची किंवा त्याहून फिकट असेल आणि काळा केस कुठेच नसेल, तर तो सुरंग. पायांवर पांढरे मोजे असले तर पाय साक्ष देत नाहीत, मग आयाळीवर जायचं. आणि नुकत्या जन्मलेल्या शिंगरावर तर विश्वासच ठेवायचा नाही. कुमैताच्या पिल्लाचे पायसुद्धा सुरुवातीला फिकट असतात, पहिले केस गळून नवे आले की काळे होतात.

(शिगम्यात आमच्या डिचोलीत आणि पेडण्यात घोडेमोडणी होते ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कमरेभोवती घोड्याचा सांगाडा, हातात तलवार, आणि खाली नाचणाऱ्याचे स्वतःचे पाय. म्हणजे रंग ओळखायची मुख्य जागाच गायब. तिथे सगळा भार आयाळीवर.)

हे काळे पाय येतात कुठून? सस्तन प्राण्यांच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं आणि एक तांबडं. घोड्याचे सगळे रंग या दोघांच्या वाटपातून आणि पातळ होण्यातून तयार होतात. वाटपाचे दोन मुख्य कारभारी आहेत. पहिलं जनुक काळं द्रव्य बनवायची परवानगी देतं. त्याला इ म्हणतात. मोठा इ म्हणजे परवानगी आहे, छोटा इ म्हणजे नाही. प्रत्येक घोड्याकडे याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी मोठा इ असला तरी काळं बनतं. दोन्ही छोटे असले तर केसांत काळं बनूच शकत नाही, सगळं अंग तांबडं राहतं. हा झाला सुरंग. या छोट्या इमागचा नेमका बदल स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९६ साली शोधून काढला. सबंध जनुकात एकाच अक्षराची अदलाबदल आहे.

दुसरं जनुक जागा ठरवतं. त्याचं नाव अगौटी, खूण ए. मोठा ए असला की काळ्याला सांगितलं जातं, 'तू पाय, आयाळ, शेपूट आणि कानांच्या कडा सांभाळ, बाकी अंग तांबड्याचं'. हा झाला कुमैत. दोन्ही ए छोटे असले तर काळ्याला अडवणारं कुणीच नाही, ते सगळं अंग व्यापतं. तो काळा घोडा. आपल्याकडचा जुना शब्द मुश्की, म्हणजे कस्तुरीच्या रंगाचा.

खरी गंमत सुरंगाची आहे. त्याच्याकडेसुद्धा ए असतोच, मोठा असो वा छोटा. पण काळं द्रव्यच नसल्यामुळे ए बिचारा काय वाटणार? हुकूम आहे, शिपाई नाहीत. म्हणून सुरंग घोडीकडे पाहून तिच्यात कुमैत लपला आहे की काळा, हे सांगता येत नाही. काळ्या घोड्याशी तिची जोडी लावली आणि कुमैत शिंगरू झालं, तर घाबरून जाऊन मालकाशी भांडायचं कारण नाही. इ काळ्या बापाकडून आला आणि ए सुरंग आईकडून.

दोन कुमैत घ्या, दोघांकडेही इ आणि ए यांची एकेक छोटी प्रत लपलेली आहे असं धरा. हिशेबाने सोळा शिंगरांपैकी नऊ कुमैत, तीन काळी आणि चार सुरंग व्हावीत. पण सुरंग आणि सुरंग यांच्या पोटी मात्र सुरंगच. ज्याच्याकडे मोठा इ नाही तो देणार कुठून? दोन 'तपकिरी' आईबापांची गोष्ट सांगताना म्हणूनच त्यातला कोणता तपकिरी, हे सांगावं लागतं.

या एका नियमावरून इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांत मोठं भांडण झालं होतं, आणि मला ते एखाद्या कादंबरीइतकं रंगतदार वाटतं. मेंडेलचे वाटाण्याचे नियम १९०० साली नव्याने प्रकाशात आले. ते प्राण्यांना लागू पडतात का, हा तेव्हा पेटलेला प्रश्न. चार्ल्स हर्स्टने शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदवह्या चाळल्या आणि जाहीर केलं की चेस्टनट आईबापांना चेस्टनटच शिंगरू होतं. त्याचा निबंध १९०६ साली रॉयल सोसायटीने छापला. मेंडेलवाद्यांचा कडवा विरोधक राफेल वेल्डन याने त्याच नोंदवह्या उघडल्या आणि चेस्टनट जोडीच्या नावावर 'बे' शिंगरू लिहिलेले काही अपवाद शोधून काढले. हर्स्टच्या बाजूचे म्हणाले, हा निसर्गाचा अपवाद नाही, कारकुनाची चूक आहे. कुणीतरी रंग नीट न बघता लिहिला. वेल्डन त्या नोंदवह्यांवर झपाटल्यासारखा काम करत होता आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने वारला. पुढे नियम खरा ठरला. एका विज्ञानशाखेच्या सुरुवातीचा वाद असा 'हा तपकिरी नक्की कोणता' यावर येऊन थांबला होता. अनुवाद-वर्गातल्या आमच्या मित्राने हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. दक्षिणेत चांगले घोडे पैदा होत नसत, म्हणून अरबस्तानातून आणि होर्मुझमार्गे जहाजांतून ते आणले जात. गोवा हे त्या व्यापाराचं मोठं बंदर. विजयनगर आणि बहमनी या दोघांनाही ते हवं होतं त्याचं एक मोठं कारण घोडे. १५१० साली पोर्तुगीज आले आणि हा व्यापार त्यांनी आपल्या मुठीत घेतला. विजयनगरचा वृत्तांत लिहिणारा फेर्नांव नुनीश हा स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. जहाजातून घोडे उतरत तसे शब्दही उतरत असणार, आणि एकाच धक्क्यावर अरबी, फारसी, पोर्तुगीज, कानडी आणि आपली अशा पाच भाषांत एकाच घोड्याचा रंग ठरत असणार. त्या दुभाष्याची मला दया येते.

कारण इथे एक सापळा आहे. पोर्तुगीजमध्ये घोड्याच्या एका रंगाला 'काश्तान्यु' म्हणतात. माझे शापाय पोर्तुगीज राजवटीत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेले. त्यांना अर्थ विचारला तर म्हणाले, "काश्तान्य फळ आसता न्हय गो, ताचो रंग." शब्दशः अगदी बरोबर, इंग्रजी चेस्टनट तेच फळ. पण पोर्तुगीज घोडेवाला काश्तान्यु म्हणतो तो घोडा इंग्रजीतला चेस्टनट नव्हे, तो बे! चेस्टनटला ते 'आलाझांव' म्हणतात. आणि त्यांचा 'बायु' हा शब्द इंग्रजी 'बे'चा सख्खा भाऊ, दोघेही एकाच लॅटिन शब्दापासून आलेले. पण बायु म्हणजे पिवळसर अंगाचा, काळ्या आयाळीचा घोडा, तो बे नव्हेच. शब्दकोश जवळ असून उपयोग नाही, घोडा बघावा लागतो.

हा पिवळसर घोडा येतो रंग पातळ करणाऱ्या जनुकांमुळे. त्यातलं एक क्रीम नावाचं. त्याची एक प्रत तांबड्या रंगावर काम करते, काळ्याला फारसा हात लावत नाही. सुरंगावर ती एक प्रत पडली की सोनेरी अंग आणि पांढुरकी आयाळ. कुमैतावर पडली की अंग पिवळसर आणि पाय-आयाळ काळेच. दुसरं जनुक डन. ते अंग फिकट करतं आणि पाठीच्या कण्यावरून एक गडद रेघ ओढून ठेवतं. आपल्या जुन्या शब्दांत 'समंद' हा याच पिवळसर घराण्यातला.

आणि हे फरक कुणी आज प्रयोगशाळेत बसून पाडलेले नाहीत. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने 'अभिधानचिंतामणि' हा संस्कृत कोश रचला. त्यात घोड्यांच्या रंगांची नावं आहेत, आणि ती संस्कृत मुळीच वाटत नाहीत: कोकाह, सेराह, वोल्लाह, कुलाह, उराह. घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेकडून आलेले हे परके शब्द. साधारण त्याच शतकात, ११३१च्या सुमाराला, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'तही असेच शब्द येतात. मला थक्क केलं ते हेमचंद्राने दिलेल्या अर्थांनी. वोल्लाह म्हणजे पिंगट अंगाचा पण आयाळ-शेपूट फिकट असलेला. कुलाह म्हणजे किंचित पिवळा आणि गुडघ्यांशी काळा. उराह म्हणजे किंचित पांढुरका, पण पाय काळे. म्हणजे तो नुसता अंगाचा रंग सांगून थांबत नाही, आयाळ कशी आणि पाय कसे हे सांगतो. आजचा जनुकांचा तक्ता नेमक्या याच जागी बोट ठेवतो. वोल्लाहाकडे काळं द्रव्य बहुधा नाहीच, कुलाहाकडे आहे. हे त्या घोडेवाल्यांना जनुक हा शब्द माहीत नसताना डोळ्यांनी कळलं होतं. आणि आपण काय लिहितो? तपकिरी.

पांढऱ्या घोड्यावर मात्र सगळ्यात जास्त पैसा लागतो, आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. अशा बाजारात रंग आणि अंगावरच्या खुणा यांवर किंमत चढते-उतरते. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला, शुभ मानतात. शुभ्र घोड्याला तर लग्नाच्या वरातींमुळे मागणी असतेच. पण 'पांढरा' हाही 'तपकिरी'सारखाच फसवा शब्द आहे. त्यात निदान दोन वेगळे घोडे लपले आहेत.

पहिला ग्रे. तो जन्मतो कुमैत, सुरंग किंवा काळा. मग डोळ्यांभोवती पांढरे केस दिसायला लागतात, जणू चष्मा लावलाय. दर वर्षी थोडा थोडा पिकत जातो, आणि साधारण सहा ते आठ वर्षांचा होईपर्यंत पांढरा होतो. कातडी मात्र काळीच राहते. नाकपुड्यांजवळ, ओठांवर बघितलं की कळतं. म्हणजे हा मूळचा पांढरा घोडा नव्हे, तो अकाली पिकलेला घोडा. याला कारणीभूत बदल २००८ साली सापडला. जगभरातल्या ग्रे घोड्यांत तो एकाच पूर्वजाकडून आला असावा असं दिसतं. त्याची एक प्रत पुरते. ग्रे शिंगरू हवं तर आईबापांपैकी एक तरी ग्रे असावाच लागतो. पण हाच बदल कातडीतल्या रंगपेशींची बेसुमार वाढही घडवतो. पंधरा वर्षांवरच्या ग्रे घोड्यांपैकी सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के घोड्यांना शेपटीखाली किंवा तोंडाजवळ मेलॅनोमाच्या काळ्या गाठी होतात. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं तशाच राहतात, काही पसरतात. पांढरा रंग म्हणून जादा पैसे मोजणाऱ्याने शेपूट उचलून बघितलेली बरी.

दुसरा नुकरा. फारसीत नुकरा म्हणजे चांदी. हा जन्मतःच पांढरा, आणि याची कातडी गुलाबी. तिथेही दोन वाटा आहेत. क्रीमच्या दोन प्रती एकत्र आल्या की दुधाळ अंग आणि निळसर डोळे. किंवा 'किट' नावाच्या जनुकातल्या बदलामुळे रंगपेशी कातडीपर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा डोळे बहुतेक वेळा काळेच राहतात. दिसायला दोघे सारखे, पण पहिल्याचं प्रत्येक शिंगरू क्रीमची एक प्रत घेऊन येणार, दुसऱ्याचं तसं नाही. आयाळीचे मुळासकट उपटलेले चार केस प्रयोगशाळेत दिले की आज हे कळू शकतं. शुभ्रतेच्या हौसेला धोकाही आहे. अमेरिकेतल्या काही जातींत पांढऱ्या पट्ट्यांचं एक जनुक एकेरी असलं तर घोडा देखणा दिसतो, पण दोन्ही प्रती आल्या तर शिंगरू संपूर्ण पांढरं जन्मतं आणि त्याचं आतडंच काम करत नाही. ते काही दिवसांत मरतं.

पिकायला लागलेल्या ग्रे घोड्याच्या मधल्या अवस्थेला आपल्याकडे 'सब्जा' म्हणतात. काळ्यावर पांढऱ्याची झाक असलेला. पण सब्ज म्हणजे फारसीत हिरवा! आणि राजस्थानात अशाच घोड्याला 'नीला' म्हणतात, राणा प्रतापाचा चेतक नीलाच. हिरवा घोडा आणि निळा घोडा कुणी पाहिला आहे? तरी हे एकट्या फारसीचं वेड नाही. बायबलच्या प्रकटीकरणात सहाव्या अध्यायात चार घोडे येतात, पांढरा, तांबडा, काळा, आणि चौथा. त्या चौथ्याचा मूळ ग्रीक शब्द 'क्लोरोस', जो क्लोरोफिलमध्ये आहे तोच. फिकट हिरवा. भाषांतरांत त्याचा 'फिकट' होतो आणि हिरवेपणा गळून जातो. चर्चमध्ये वाचन ऐकताना मला तो नेहमी आजारी माणसाच्या चेहऱ्याचा रंग वाटतो. भाषेला करड्या रंगासाठी नीट शब्द सापडला नाही की ती हिरव्या-निळ्याकडे हात पसरते, असा माझा अंदाज आहे. वाचकांपैकी फारसी जाणणाऱ्यांनी तो जरूर खोडून काढावा.

सैन्यांना हे सगळं जिवावरचं होतं. मोगलांच्या फौजेत घोड्याला डाग देत आणि त्याचा चेहरा, म्हणजे रंग आणि खुणांचं वर्णन, लिहून ठेवत. नाहीतर सरदार तपासणीला चांगला घोडा दाखवायचा आणि मोहिमेवर भलतंच तट्टू आणायचा. आता विचार करा, दोन वर्षांचा असताना 'कुमैत' म्हणून लिहिलेला ग्रे घोडा आठव्या वर्षी तपासणीला पांढराशुभ्र येऊन उभा राहिला, तर कारकुनाने काय करावं? अशा वेळी रंगापेक्षा डाग भरवशाचा.

कपाळावरचा टिळा, नाकावरचा पट्टा, पायांतले मोजे या खुणाही उपयोगी, कारण त्या जन्मभर जागच्या हलत नाहीत. ऑर्थर कॉनन डॉयलची 'सिल्व्हर ब्लेझ' ही १८९२ची शेरलॉक होम्सकथा याच गोष्टीवर उभी आहे. (कथा वाचली नसेल तर हा परिच्छेद सोडा.) शर्यतीचा घोडा हरवतो, आणि शेवटी जो बे घोडा मैदानावर येतो त्याच्या अंगावर पांढरा केस एकही नसतो. मालक म्हणतो, हा माझा नव्हेच. त्याचं कपाळ आणि पाय रंगवलेले असतात, होम्स ते स्पिरिटने धुवायला सांगतो. डॉयलने घोडा बे निवडला हे मला फार सोयीचं वाटतं. कुमैताचे पाय काळेच अपेक्षित असतात, त्यामुळे पायाची खूण रंगाखाली गेली तरी कुणाला संशय येत नाही. सुरंग असता तर एक काळा पाय लगेच डोळ्यांत भरला असता. भाषांतरात 'तपकिरी' लिहिलं की कथेतली ही सोय वाचकाच्या हाती लागतच नाही.

आणि स्पिरिटची गरजही नव्हती. पांढऱ्या खुणेखालची कातडी गुलाबी असते, बाकीची काळी. केस कितीही रंगवले तरी कपाळ पाण्याने चिंब भिजवून, केस बाजूला सारून बघितलं, तर त्या टिळ्याची कड खाली तशीच दिसते.